उसातलं आम्ल, उन्हातली पेशी

ग्लायकोलिक आम्लाच्या क्रीमच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना छापलेली असते: रात्री लावा, दिवसा सनस्क्रीन वापरा, ऊन टाळा. मुरमांच्या खुणा जाव्यात, काळपट डाग फिके व्हावेत, चेहऱ्यावर तकाकी यावी म्हणून हे क्रीम घेणारे पुष्कळ आहेत. ती सूचना पाळणारे त्या मानाने थोडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जानेवारी 2005 मध्ये अशा प्रसाधनांच्या वेष्टनावर काय छापावं याचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. या आम्लामुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होऊ शकते, विशेषतः ऊन लागून त्वचा भाजण्याची शक्यता वाढते, म्हणून वापर चालू असताना आणि थांबवल्यानंतरही आठवडाभर सनस्क्रीन लावा, अंग झाकणारे कपडे घाला, उन्हात कमी फिरा, असा त्याचा आशय आहे.

रात्री लावलेलं आणि सकाळी तोंड धुताना निघून गेलेलं आम्ल दुपारी बाराच्या उन्हात त्वचेचं काय वाकडं करणार? आणि थांबवल्यानंतरचा तो एक आठवडा कुठून आला? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना त्वचेच्या एकेका पेशीपर्यंत, तिच्या केंद्रकातल्या डीएनएपर्यंत जावं लागतं. तिथे गेल्यावर एक गोष्ट लक्षात येते, आणि या प्रकरणात मला मुख्यतः तीच सांगायची आहे: उन्हाने केलेलं नुकसान आपण त्वचेच्या लालीवरून जोखतो, पण लाली त्या नुकसानाचा फार थोडा भाग दाखवते.

आधी आम्लाची ओळख. फळांत, उसात आणि आंबलेल्या दुधात सापडणाऱ्या आम्लांचं एक कुटुंब आहे, त्याला अल्फा हायड्रॉक्सी आम्लं म्हणतात. दह्यातलं लॅक्टिक, द्राक्षातलं आणि चिंचेतलं टार्टारिक, सफरचंदातलं मॅलिक ही त्यातलीच. ग्लायकोलिक हे या कुटुंबातलं सर्वांत धाकटं. त्याच्या रेणूत कार्बनचे फक्त दोन अणू असतात आणि रेणुभार अवघा 76. रेणू लहान म्हणून त्वचेत शिरायला सोपा. उसाच्या रसात हे आम्ल असतं, त्यामुळे जाहिरातींत उसाचं चित्र हमखास दिसतं. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला त्याचं कौतुक वाटेल, पण बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक आम्ल रासायनिक कारखान्यांत तयार होतं, उदाहरणार्थ फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासून. त्याने काही बिघडत नाही. रेणू उसातून आला काय किंवा कारखान्यातून आला काय, त्वचेवर तो एकच काम करतो.

हे काम उजेडात आलं ते सौंदर्यासाठी नव्हे, एका कष्टदायक आजारासाठी. इक्थिओसिस नावाच्या आनुवंशिक विकारांत अंगावर जाड, कोरड्या खवल्यांचे थर साचत राहतात. मृत पेशी वेळेवर गळून पडत नाहीत. अमेरिकेत फिलाडेल्फियात काम करणारे त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि रसायनशास्त्रज्ञ रुई यू यांनी अशा रुग्णांच्या त्वचेवर नाना पदार्थ लावून पाहिले आणि 1974 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: अल्फा हायड्रॉक्सी आम्लांनी खवले सुटतात, त्वचा मऊ होते. पुढे याच दोघांनी हेही दाखवलं की ही आम्लं त्वचेचा वरचा पापुद्रा घासून काढत नाहीत. मृत पेशींच्या थराच्या तळाशी, जिथे तो थर नुकता तयार होत असतो, तिथे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध ती सैल करतात. प्रसाधन उद्योगाने हा शोध उचलला आणि 1990 च्या दशकात अशा क्रीमांचा पूर आला. आजाऱ्यांसाठी शोधलेली गोष्ट निरोगी माणसांच्या रोजच्या वापरात गेली, आणि सुरक्षिततेचे प्रश्न त्यानंतर विचारले जाऊ लागले. हा क्रम मला आजही खटकतो.

डब्यावरच्या टक्केवारीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती दुकानात कोणी सांगत नाही. ‘10 टक्के ग्लायकोलिक’ एवढ्याने काहीच ठरत नाही. आम्लाचा जो भाग मोकळा, विद्युतभार नसलेला असतो तोच सहजपणे त्वचेत उतरतो, आणि तो किती हे क्रीमच्या सामूवर, म्हणजे आम्लतेच्या मोजमापावर अवलंबून असतं. सामू 3.83 असताना निम्मं आम्ल मोकळं असतं. सामू 3.5 केला तर सुमारे दोन तृतीयांश, 4.8 केला तर जेमतेम एक दशांश. म्हणजे एकाच टक्केवारीच्या दोन क्रीमांत सहा-सात पटींचा फरक असू शकतो. टक्का वाचायचा तर सामूही वाचायला हवा, आणि तो बहुतेक वेळा छापलेलाच नसतो.

आता त्वचेकडे वळू. बाह्यत्वचेच्या तळाशी केरॅटिनोसाइट नावाच्या पेशी सतत विभागत असतात. त्यांच्या लेकी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, केंद्रक गमावतात आणि शेवटी केरॅटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत चकत्या होऊन पृष्ठभागावर येतात. या मृत पेशींच्या पंधरा-वीस थरांना मिळून शृंगस्तर म्हणतात. तळापासून गळून पडेपर्यंतच्या प्रवासाला साधारण चार आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. शृंगस्तराची जाडी शरीराच्या बहुतेक भागांवर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच, पण काम मोठं आहे. तो पाणी आत धरतो, जंतू बाहेर ठेवतो आणि अंगावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी काही परत फेकतो, काही विखुरतो, काही गिळतो. खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचतं ते उरलेलं.

कोकणात मृगाआधी घर शाकारतात. फुटकी कौलं काढायची, वासे पाहायचे, नवी कौलं बसवायची. हे काम केल्याशिवाय पावसाळा निभत नाही, पण कौलं उतरवलेली असताना अवकाळी सर आली तर घरात पाणी येतं. ग्लायकोलिक आम्ल त्वचेची अशी शाकारणी सुरू करून देतं. जुना थर लवकर सुटतो, खालच्या पेशी वेगाने विभागू लागतात, नवा थर घडू लागतो. ते रोज लावत राहिलं की ही शाकारणी संपतच नाही, आणि ऊन तर महाराष्ट्रात बहुतेक दिवस असतंच.

हे ऊन पेशीत काय करतं? सूर्याच्या अतिनील किरणांचे तीन पट्टे धरतात. सर्वांत घातक ‘सी’ पट्टा ओझोनचा थर अडवतो. जमिनीवर पोहोचतो त्यातला बहुतांश भाग ‘ए’ असतो आणि थोडा ‘बी’. ‘ए’ किरण काचेतून येतात, खोल अंतस्त्वचेपर्यंत जातात आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करून नासधूस करतात. ‘बी’ किरण फार खोल जात नाहीत, पण त्यांची ऊर्जा डीएनए थेट शोषून घेतो. डीएनएच्या साखळीत थायमिन किंवा सायटोसिन यांपैकी कोणतीही दोन अक्षरं शेजारी शेजारी आली की अशा किरणाच्या धक्क्याने ती एकमेकांना चिकटून बसतात. नेदरलँड्समध्ये ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांनी 1960 मध्ये गोठवलेल्या थायमिनच्या द्रावणावर अतिनील किरण सोडून ही जोडगाठ प्रथम ओळखली. रसायनशास्त्रात तिला डायमर म्हणतात. डायमर बसला की त्या जागी डीएनएची साखळी वाकते. तिची नक्कल करणारं यंत्र तिथे अडतं किंवा चुकीचं अक्षर लिहून पुढे जातं.

उन्हात काढलेल्या एका दुपारी त्वचेच्या एकेका पेशीत असे हजारो डायमर होतात. तरीही आपण उन्हात जगतो, कारण पेशीत दुरुस्तीची यंत्रणा अहोरात्र चालू असते. ती साखळीतली वाकलेली जागा शोधते, दोन्ही बाजूंना छेद देऊन साधारण तीस अक्षरांचा तुकडा कापून काढते आणि समोरच्या धाग्यावरून तो पुन्हा लिहून काढते. या यंत्रणेचा नकाशा मांडणाऱ्या अझीझ सांजार यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही दुरुस्ती नसेल तर काय होतं, हे झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ आजारात दिसतं. या मुलांना दिवसाउजेडी घराबाहेर पडणं धोक्याचं असतं, आणि त्यांच्यात त्वचेचे कर्करोग अगदी लहान वयात होऊ लागतात. त्यांच्या पेशींत हीच दुरुस्ती बंद पडलेली असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये दाखवलं. दुरुस्ती चालू असलेल्या माणसातही ती तात्काळ होत नाही. काही प्रकारच्या गाठी काही तासांत निघतात, पण सर्वसाधारण डायमरपैकी निम्मे निघायला एखादा दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. तोवर दुसऱ्या दिवसाचं ऊन आलेलं असतं.

नुकसान दुरुस्तीच्या पलीकडे गेलं तर पेशी स्वतःला संपवते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी ओळखू येतात: केंद्रक आक्रसून गडद झालेलं, भोवतालचा द्रव तपासणीसाठी घातलेल्या रंगाने गुलाबी दिसणारा. त्यांना सनबर्न पेशी म्हणतात. ऊन लागल्यानंतर दिवसभरात त्यांची संख्या सर्वाधिक होते. हा मृत्यू बिघाड नसून संरक्षण आहे, हे डग्लस ब्रॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं. पी53 हे जनुक पेशीला असा निर्णय घ्यायला लावतं. उंदरांमध्ये ते जनुक काढून टाकलं की उन्हानंतरच्या सनबर्न पेशी घटतात. बिघडलेल्या पेशी मरायच्या ऐवजी जगतात आणि वाढतात. माणसांच्या त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगात पी53 मध्ये नेमके डायमरच्या जागी होणारे बदल सापडतात, हे ब्रॅश यांच्याच गटाने 1991 मध्ये दाखवलं होतं. त्वचेवर उमटलेली अतिनील किरणांची सही ती हीच.

इतकं हाताशी असल्यावर पुढचे प्रयोग नीट वाचता येतात.

पहिला प्रयोग प्रसाधन उद्योगाच्याच पैशातून झाला. केज कैदबे आणि सहकाऱ्यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. 29 गोऱ्या स्वयंसेवकांच्या पाठीवर आठवड्याचे सहा दिवस, असं चार आठवडे, 10 टक्के ग्लायकोलिक आम्लाचं आणि नुसतं, आम्लाविना क्रीम वेगवेगळ्या ठिकाणी लावलं. आम्लाचा सामू 3.5 होता. मग त्या जागांवर मोजून-मापून अतिनील किरण सोडले. आम्ल लावलेल्या जागी कमी किरणांत लाली आली आणि सनबर्न पेशी अधिक निघाल्या. एफडीएने या कामाचा सारांश दिला आहे, त्यातले दोन आकडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. चार आठवड्यांनंतर लालीच्या बाबतीत किरणांना असलेली संवेदनशीलता 18 टक्क्यांनी वाढली होती. पेशींच्या नुकसानाच्या बाबतीतली संवेदनशीलता मात्र सरासरीने दुप्पट झाली होती, आणि माणसामाणसात बराच फरक होता. क्रीम थांबवल्यावर आठवड्याभराने तपासलं तेव्हा लक्षणीय फरक उरला नव्हता. वेष्टनावरच्या त्या आठवड्याचं मूळ इथे आहे.

दोन आकड्यांमधलं अंतर पाहा. त्वचेच्या लालीवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला वाटेल, थोडं जास्त लाल झालं, एवढंच. त्याच वेळी आत, पेशींच्या पातळीवर, घात दुपटीने झालेला असतो. लाली म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणं. त्या अंतस्त्वचेत असतात, म्हणजे ज्या पेशींचा डीएनए बिघडला त्यांच्या खाली. दोन्हींचं मूळ एकच असलं तरी माप एकच नाही.

तरी एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. सनबर्न पेशी हे जर संरक्षण असेल, तर त्या वाढल्या याचा अर्थ आम्लाने बिघडलेल्या पेशी अधिक तत्परतेने काढून टाकल्या, असा का घेऊ नये? याचं उत्तर डीएनएमध्येच पाहिल्याशिवाय मिळणार नव्हतं. ते आंद्रिया कॉर्नहाउझर, व्हिन्सेंट हिअरिंग आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या अभ्यासाने दिलं. 14 स्वयंसेवकांच्या पाठीवर 10 टक्के ग्लायकोलिक आम्ल, 2 टक्के सॅलिसिलिक आम्ल आणि नुसतं क्रीम असे लेप आठवड्याचे पाच दिवस, साडेतीन आठवडे लावले. मग लाली येण्याइतक्या किमान मात्रेच्या दीडपट किरण सोडले, त्वचेचे नमुने काढले आणि डायमर थेट मोजले. ग्लायकोलिक लावलेल्या जागी लाली, डायमर आणि सनबर्न पेशी, तिन्ही वाढले होते. सॅलिसिलिकच्या जागी लक्षणीय वाढ नव्हती. मरणाऱ्या पेशी वाढल्या त्या नुकसान वाढलं म्हणूनच. शंकेला या प्रयोगात आधार राहिला नाही.

या अभ्यासातली सॅलिसिलिक आम्लाची बाजू मला फार बोलकी वाटते. तेही शृंगस्तर सैल करतं, मुरमांवर म्हणूनच देतात. थर पातळ होणं हेच जर सगळं कारण असतं तर त्यानेही थोडीफार वाढ दाखवायला हवी होती. पण सॅलिसिलिकच्या रेणूत बेंझीनचं कडं असतं आणि ते ‘बी’ किरणांचा पट्टा शोषतं. त्याचे काही भाऊबंद सनस्क्रीनमध्ये गाळणी म्हणून घालतात. ग्लायकोलिकच्या रेणूला असं कडं नाही. तो किरण अडवतही नाही आणि किरणांनी चेतावतही नाही. सोरालेनसारखे काही पदार्थ स्वतः प्रकाश शोषून डीएनएवर चाल करतात. ग्लायकोलिकचा प्रकार तो नव्हे. तो बहुधा वाट मोकळी करतो आणि खालच्या पेशींना विभागायला लावतो; विभागणाऱ्या पेशीला दुरुस्तीसाठी वेळ कमी मिळतो. त्यामुळे ‘सगळी आम्लं उन्हात वाईट’ असं सरसकट बोलणं चुकीचं ठरतं. कोणतं आम्ल हे विचारायलाच हवं.

आता दुसऱ्या बाजूचे पुरावे, कारण ते आहेत आणि जाहिरातींत वापरलेही जातात. 1996 मध्ये पेरिकोन आणि डिनार्डो यांनी ग्लायकोलिक आम्ल उन्हापासून काही अंशी बचाव करतं आणि दाह शमवतं असा अहवाल दिला. 2001 मध्ये केसविरहित उंदरांवरच्या एका अभ्यासात ग्लायकोलिक लावलेल्या उंदरांना अतिनील किरणांनी कमी गाठी झाल्या. तैवानमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की ‘बी’ किरण दिलेल्या केरॅटिनोसाइट पेशींत आणि उंदरांच्या त्वचेत ग्लायकोलिक आम्ल दाहाचे संदेश पाठवणारे रेणू कमी करतं. एनएफ-कप्पा-बी नावाच्या नियंत्रकामार्फत हा परिणाम होतो.

हे अभ्यास खोटे आहेत असं मी म्हणत नाही. दाह कमी होणं खरं असू शकतं. पण दाह कमी झाला म्हणजे डायमर कमी झाले, असं होत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन भाजलेल्या हाताची लाली उतरवता येते, त्याने डीएनएतली गाठ सुटत नाही. उलट लाली दडपली गेली तर माणूस उन्हात अधिक वेळ थांबेल, ही भीती मला जास्त वाटते. शिवाय प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींची एक मर्यादा आहे. अशा प्रयोगांत हाकॅट नावाच्या पेशींचा वंश फार वापरतात. तो जर्मनीत 1988 मध्ये माणसाच्या त्वचेतून तयार झाला आणि अखंड वाढत राहतो, म्हणून सोयीचा. या पेशींतल्या पी53 च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, आणि तो बिघाड अतिनील किरणांच्या सहीचा आहे. ऊन लागल्यावर मरायचं की जगायचं हा निर्णय घेणारं जनुकच ज्यांच्यात धड नाही, त्या पेशींवरून आपल्या गालावरच्या पेशींबद्दल शेवटचा शब्द सांगता येणार नाही. बशीत शृंगस्तरही नसतो. म्हणजे ज्या थरावर हे आम्ल मुख्यतः काम करतं तोच प्रयोगातून गळालेला असतो.

कर्करोगाचा प्रश्न मात्र उंदरांशिवाय तपासता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात केसविरहित उंदरांना 40 आठवडे कृत्रिम सूर्यप्रकाश दिला. काहींना 4 किंवा 10 टक्के ग्लायकोलिक, काहींना 2 किंवा 4 टक्के सॅलिसिलिक क्रीम लावलं. ग्लायकोलिकने गाठींचं प्रमाण वाढलं नाही आणि घटलंही नाही. सॅलिसिलिकने ते कमी झालं. ग्लायकोलिक क्रीमने कर्करोग होतो, असं सांगत फिरणाऱ्यांना या निष्कर्षात आधार मिळत नाही. माणसाच्या पाठीवर मोजलेली डायमरची वाढ त्यामुळे पुसली जात नाही, एवढंच. माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे की माणसाच्या त्वचेवर, माणूस वापरतो त्याच तीव्रतेने, थेट डीएनए मोजून केलेल्या प्रयोगाला सर्वाधिक वजन द्यायचं. त्याचं सांगणं स्पष्ट आहे: वापर चालू असेपर्यंत नुकसान वाढतं. आणि थांबवलं की त्वचा आठवड्याभरात पूर्ववत होते, हे कैदबे यांच्या प्रयोगात दिसलंच आहे.

नियम करणाऱ्यांनी यातून आपापल्या रेषा आखल्या. अमेरिकेतल्या प्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने 1998 च्या अहवालात घरगुती वापरासाठी 10 टक्के ही कमाल आणि सामू 3.5 ही किमान मर्यादा मानली, तीही उन्हापासून बचावाची सूचना सोबत असेल तरच. सलोनमधल्या प्रशिक्षित माणसाच्या हातून थोड्या वेळासाठी लावायला 30 टक्के, सामू 3. युरोपच्या वैज्ञानिक समितीने 2000 साली अधिक सावध भूमिका घेतली: 4 टक्के, सामू 3.8. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ज्या पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलण्याचे उपचार, होतात त्यात 35 ते 70 टक्के आम्ल काही मिनिटांपुरतं लावून खाण्याच्या सोड्याने निष्प्रभ करतात. तो वेगळाच मामला आहे आणि तो घरी, ऑनलाइन मागवलेल्या बाटलीतून करू नये. हात जोडून सांगावं असं काही या प्रकरणात असेल तर ते हे.

वरचे दोन्ही मानवी प्रयोग गोऱ्या किंवा उजळ त्वचेवर झालेले होते. आपली त्वचा बहुतेककरून सावळी-गव्हाळ, त्वचारोगतज्ज्ञांच्या सहा पायऱ्यांच्या वर्गीकरणात चौथ्या-पाचव्या पायरीवरची. आपल्या केरॅटिनोसाइट पेशींत मेलॅनिनचे कण केंद्रकाच्या वरच्या बाजूला, ऊन येतं त्या दिशेला, गोळा होऊन बसतात आणि डीएनएवर पडणारे किरण अडवतात. आपल्याकडे त्वचेचे कर्करोग युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने फार कमी आहेत, ते मुख्यतः यामुळे. म्हणून ‘आपल्याला ऊन चालतं’ असा समज घट्ट झाला आहे. पण हिअरिंग आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वंशांच्या माणसांच्या त्वचेवर लाली जेमतेम येईल एवढ्याच मात्रेचे किरण सोडले, तेव्हाही सगळ्यांच्याच त्वचेत डीएनएचं नुकसान मोजता आलं. गडद त्वचेत ते कमी होतं, पण होतं. आणि गडद त्वचेवर लाली दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. लालीवरून ऊन जोखण्याची सवय गोऱ्या त्वचेला निदान अर्धामुर्धा इशारा देते. आपल्याला तेवढाही देत नाही.

आपल्या त्वचेची खरी तक्रार वेगळी असते, ती डागांची. त्वचेला दाह झाला की मेलॅनिन करणाऱ्या पेशी चेकाळतात आणि तिथे काळपट खूण ठेवतात, ती महिनोन्‌महिने जात नाही. वांग असेल तर ऊन त्याला आणखी गडद करतं. कैदबे यांच्या प्रयोगातही आम्ल लावलेली त्वचा ‘ए’ किरणांनी अधिक काळवंडत होती. म्हणजे डाग जावेत म्हणून क्रीम लावणारी बाई सनस्क्रीन न लावता दुपारी दुचाकीवरून ऑफिसला गेली, तर ज्या कारणासाठी पैसे घातले तेच वाढवून घेते. या फसवणुकीत दोष तिचा नाही. दुकानात तिला कोणी एवढं सांगितलेलं नसतं.

महाराष्ट्राच्या उन्हाबद्दल बोलायचं तर मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून तो दाखवतातही. सूर्य डोक्यावर म्हणजे किरणांचा हवेतला प्रवास सर्वांत लहान, आणि ‘बी’ किरण सर्वाधिक. उन्हाळ्यात आपल्याकडे अतिनील निर्देशांक दुपारी 11 च्या वर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ‘आत्यंतिक’ या गटात जातो. लग्नसराईही याच महिन्यांत. एप्रिलमध्ये पील करून मेमध्ये मांडवात उभं राहायचं हा बेत त्वचेच्या दृष्टीने चुकीच्या ऋतूत पडतो. पील हिवाळ्यात करून घ्यावी. डॉक्टरही तसंच सुचवतात.

सनस्क्रीनचं गणितही उघड्यावर मांडायला हवं. डब्यावरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढतात. माणसं प्रत्यक्षात त्याच्या निम्मं किंवा पाव लावतात, मग 30 चा आकडा कागदावरच राहतो. भरपूर लावणं आणि घामानंतर पुन्हा लावणं, दोन्ही हवं; ‘ए’ किरणांपासून बचाव करणारं आहे ना, तेही पाहायला हवं. टोपी, छत्री आणि स्कार्फ त्याहून भरवशाचे, कारण ते घामाने वाहून जात नाहीत. आपल्याकडच्या मुली दुचाकीवर चेहरा बांधून निघतात त्यावर टीका करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

ज्यांना ऊन टाळता येत नाही त्यांच्यासाठी हा सल्ला पुरेसा नाही. शेतावर राबणाऱ्या, बांधकामावर उभं राहणाऱ्या, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या, दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या माणसाला ‘ऊन टाळा’ हे वाक्य लागू पडत नाही. त्यांनाही मुरमं होतात, वांग होतो, आणि चांगला चेहरा हवा असणं हा त्यांचाही हक्क आहे. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर पहिलं वाक्य ‘मी दिवसभर उन्हात असतो’ किंवा ‘असते’ हे असावं. ॲझेलेइक आम्लासारखे पर्याय आहेत. ते मुरमांवर आणि डागांवर दोन्हीकडे वापरतात आणि उन्हाची संवेदनशीलता वाढवत नाहीत. ग्लायकोलिकच हवं असेल तर पावसाळा सरल्यावर, कमी तीव्रतेचं, आणि सुगी किंवा जत्रेसारखे उन्हातले दिवस जवळ आले की निदान आठवडाभर आधी बंद.